शाळा मंगळवारपासून उघडणार

९ जुलै १९५७, मंगळवार
शाळा बंद होऊन आठ दिवस झाले. कुठल्या कुठल्या मुलखांतून फिरून आलेला तो फ्ल्यू ताडकळसच्या बाजारातून आमच्या गावात आला आणि चार दिवसांत निम्मी पोरं अंथरुणावर. शाळा कमिटीचे चेअरमन आबासाहेब पाटील यांनी कुलूप लावायला सांगितलं. कुलूप मीच लावलं, कारण एकशिक्षकी शाळेचा हेडमास्तर मी आणि बाकीचा स्टाफही मीच.
आता साथ ओसरते आहे. पुढच्या मंगळवारी शाळा उघडायची. हा संकल्प. ही वही फक्त माझ्यासाठी, म्हणून इथे खरं तेच लिहीन.

११ जुलै, गुरुवार
पारावर कमिटीची मीटिंग. शाळा उघडावी या बाजूने मी पाऊण तास बोललो. आबासाहेबांना मध्येच डुलकी लागली, पण ती विचारमग्नतेची होती. कमिटीचे मेंबर किशनराव म्हणाले, शाळा बंद हाय तर पोरं रानात तण निंदायला कामी यायलीत, काय घाई हाय?
इथे मात्र मी मनात हिशेब मांडला. पोरगं एकदा रानात रुळलं की पाटीकडे परत येत नाही. पटावर एकतीस नावं आहेत. दिवाळीपर्यंत अशीच बंद राहिली तर पाच-सात उरतील, आणि एवढ्यांसाठी खातं शाळा ठेवणार नाही. मग मी कुठला हेडमास्तर?
शेवटी आबासाहेबांच्या मातोश्री दगडाबाई बोलल्या. मरीआईचा गाडा साथ घेऊन शिवेबाहेर गेल्याबिगर शाळा न्हाई. लेकरं जित्ती ऱ्हायली तर शाळा, न्हाईतर काय पाट्या चाटायच्या हायत?
मी लगेच मान्य केलं. मी सायन्टिफिक मनाचा माणूस आहे, पण मुत्सद्दीही आहे.

१६ जुलै, मंगळवार
गाडा गेला! हलगी, लिंबाचे डहाळे, हिरवा चुडा, खण-नारळ. पोतराज सटवाजी पुढे आणि गाव मागे. देवीला शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडून मागे वळून न बघता सगळे परत. मी तर सगळ्यांत पुढे परत.
उद्या दहा वाजता शाळा. फळा पुसून ठेवला.

१७ जुलै, बुधवार. सकाळी
गाडा परत आला. शेजारच्या गावाने पहाटेच ढकलून आमच्या शिवेत आणून सोडला. ही काय शेजारधर्माची रीत झाली?

त्याच दिवशी, दुपारी
पाऊस. सटवाजी देवीवर घोंगडी धरून उभा. घरात तिला कुणी घेईना. मारुतीच्या देवळात चालत नाही म्हणाले. तेव्हा सगळ्या गावासमोर मी पुढे झालो आणि म्हणालो, एक रात्र शाळेत ठेवा.
आबासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आता सगळं गाव माझ्या उपकाराखाली. शाळा उघडायला कोण कशाला नाही म्हणेल? एका दगडात दोन पक्षी.
देवीला जमिनीवर ठेवता येत नाही म्हणून माझं टेबल दिलं.

१९ जुलै, शुक्रवार
देवीला हलवायला गेलो. सटवाजी म्हणाला, मास्तर, गाड्यातली देवी वाटसरू असती, पर बसवलेली देवी अशी उठवता येत न्हाई. बोकड द्यावा लागतो. मंगळवार न्हाईतर शुक्रवार.
हे त्याने बुधवारी सांगायला हवं होतं. तो म्हणतो, तुमी इचारलं न्हाई.
मंगळवारी उठवू.

२३ जुलै, मंगळवार
बोकड किशनरावांचा ठरला होता. किशनरावांना ताप. यजमान अंथरुणावर, तर बोकड कोण सोडणार? शुक्रवार नक्की.

२६ जुलै, शुक्रवार
किशनराव बरे. बोकड तयार. सटवाजीला ताप. त्याने निरोप धाडला की मी उठेपर्यंत दिव्यात तेवढं तेल घालत जा, किल्ली तुमच्याकडंच हाय.
घातलं. माणुसकी म्हणून.

२८ जुलै, रविवार
श्रावण लागला. श्रावणात बोकड कापत नाहीत. हे माझ्या लक्षात होतं, पण घाईत राहून गेलं. म्हणजे पोळ्यापर्यंत देवी शाळेत.
खचून जाणारा मी नव्हे. परभणीला खात्याकडे सविस्तर दरख्वास्त पाठवायची. माझं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालं, त्यामुळे दरख्वास्त लिहावी तर मीच. शाळा बंद राहिल्याने मुलांचे पाढे, अक्षर आणि वळण कसं बिघडतं आहे, हा मुद्दा मुख्य ठेवायचा.

३० जुलै, मंगळवार
दरख्वास्त पुरी होईना. परसात पोरांचा कालवा. सौ.ला विचारलं तर म्हणाली, आया रानात जायल्यात, लेकरांना कुठं ठेवतील? वाती वळायला बसवलंय. आमच्या कमलबाई जालन्याला सातवी झालेल्या, त्यामुळे उत्तर तयार असतं.
वाती वळताना सत्तावीसचा पाढा कशाला म्हणावा लागतो, देव जाणे. 'मुलांना पाढ्यांचा विसर पडत आहे' हे वाक्य मी तीनदा खोडलं. शेवटी खिडकी लावून घेतली.

२ ऑगस्ट, शुक्रवार
दरख्वास्त रवाना.
खडूचा डबा सापडत नाही. उंदीर असावेत.

६ ऑगस्ट, मंगळवार
सौ.ने प्रत्येक पोराला वेगळं पोतं दिलं आहे. दोन पोत्यांमध्ये दोन हात अंतर. जो शिंकेल त्याला ताबडतोब घरी धाडते. दारात घंगाळ, हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही. वातींसाठी एवढं सोवळं मी कुठे पाहिलं नाही. बायकांना एकेक वेड असतं.

१२ ऑगस्ट, सोमवार
विजय! परभणीहून हुकूम आला. साथ ओसरलेल्या गावांतल्या शाळा ताबडतोब उघडाव्यात, मुलांना अंतर ठेवून बसवावं, खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात. हुकूम घेऊन पारावर गेलो आणि खड्या आवाजात वाचला.
दगडाबाई म्हणाल्या, कागदाला ताप येत न्हाई, म्हणून तो काय बी बोलतो.
आबासाहेबांचा प्रश्न व्यावहारिक होता. शाळेला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर देवी. मी म्हणालो, विचार करतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार
शाळेसमोर झेंडावंदन. दीड महिना शाळा बंद, तरी मुलांनी राष्ट्रगीत एका सुरात म्हटलं. माझ्या जुन्या मेहनतीचं हे फळ. डोळे भरून आले. तिसरीच्या पोरांनी पावसावरची एक नवी कविताही म्हटली. ती मी शिकवल्याचं आठवत नाही. शिकवली असेल.

२० ऑगस्ट, मंगळवार
सटवाजी बरा झाला आणि मानवतला लेकीकडे निघून गेला. जाताना म्हणाला, मास्तर, तुमच्या हाताला गुण हाय. झालं असं की दिव्यात तेल घालायला जातो तेव्हा दोन-चार बाया ताप आलेलं माणूस घेऊन उभ्या असतात. नाही कसं म्हणायचं? चिमूटभर अंगारा लावतो. पाचव्या दिवशी माणूस बरं होतं. या फ्ल्यूत बहुतेक माणूस पाचव्या दिवशी बरं होतंच, हे मी वर्तमानपत्रात वाचलं आहे. पण अंगारा लावण्याची माझी पद्धतही चांगली आहे, हे मान्य करायला हवं.
सायन्टिफिक मन आणि लोकश्रद्धा यांचा मेळ घालणारा शिक्षक विरळा.

२७ ऑगस्ट, मंगळवार
पोळा झाला, श्रावण संपला. बोकड घेऊन पारावर गेलो. स्वतः दोरी धरून.
गावात आता एकालाही ताप नाही, हे मी ठासून सांगितलं. म्हणून शाळा उघडायला हवी, असा माझा मुद्दा. दगडाबाई म्हणाल्या, आई शाळेत बसली म्हणून तर ताप गेला. आता ज्या आईनं तारलं तिला बोकड दाखवून हाकलून द्यायचं? लाज वाटत न्हाई का मास्तर?
सगळ्यांनी माना डोलावल्या. बोकडही माझ्याकडे बघत होता. मी दोरी धरून बोकड किशनरावांकडे परत नेला. दीड महिना मी जे मागत होतो ते दगडाबाईंनी एका वाक्यात उलटं करून माझ्या पदरात टाकलं.
आता गणपती, मग पितृपक्ष. नंतर नवरात्र. नवरात्रात देवीला उठवा असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार
हजेरीपट सापडत नाही. उंदरांनी हजेरीपट नेला असेल का? सौ.ला विचारलं. ती म्हणाली, माझ्याकडं हाय, संध्याकाळी देते. म्हटलं, वातींना हजेरी कशाला? ती हसली आणि भाकरी थापायला गेली.
परसातली ती बैठक म्हणजे शाळा नव्हे, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. शाळेला इमारत लागते, टेबल लागतं, हेडमास्तर लागतो. ते सगळं शाळेत आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार
डेप्युटी साहेब तपासणीला आले, न कळवता. मी शाळेच्या इमारतीत होतो. दर्शनाला पेडगावकडची मंडळी आली होती, रांग दारापर्यंत. साहेबही रांगेत उभे राहिले. मला वाटलं नवीन भक्त आहेत, म्हणून कपाळाला अंगारा लावला आणि ताप किती दिवसांचा म्हणून विचारलं.
मग ते परसात गेले. दोन तास बसले. चौथीकडून गणितं सोडवून घेतली, दुसरीची वाचनं घेतली. जाताना शेराबुकात लिहून गेले. इथे उतरवून ठेवतो: 'साथीच्या काळात शाळा उघड्या जागी, योग्य अंतर राखून, उत्तम चालू आहे. पटावर एकतीस, हजर अडतीस. श्रीमती कमलबाई यांना शिक्षिका म्हणून नेमण्याची शिफारस करीत आहे. हेडमास्तर इमारत सांभाळतात.'
शेवटचं वाक्य मी अनेकदा वाचलं. त्याचा अर्थ चांगलाही लावता येतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार
अडतीस! माझ्या वेळी हजेरी कधी सव्वीसच्या वर गेली नव्हती. किशनरावांचा नातूसुद्धा येतो, निंदणं सोडून. मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण त्या आनंदात मला कुठे बसायचं तेच कळत नाही.
जेवताना सौ.ला म्हणालो, मी एखादा तास घेऊ का? तिने ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, अहो, इचारता काय? उद्या चौथीचा भूगोल घ्या. लेकरं वाट बघायलीत तुमची.

२० सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी धुतलेलं धोतर, टोपी, दारात हात धुतले. परसात गेलो तशी अडतीस पोरं एकदम उठून उभी राहिली. टोपी नीट केली. मग म्हणालो, परभणी जिल्ह्याचा नकाशा काढा, शंका असेल तर विचारा.
पहिल्या पोत्यावरची धुरपदा लगेच उठली. चौथीतली हुशार मुलगी, पुढे येणार ती पोर. मला भरून आलं. शाळा म्हणतात ती हीच, मास्तर आणि मुलाची शंका. ती माझ्याजवळ आली, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.
तिच्यामागे बाकीच्यांनी दोन-दोन हात अंतर राखून रांग धरली. सौ. म्हणाली, लवकर उरका, पुढचा तास गणिताचा हाय.
खिशात अंगारा होता. लावला.