व्हॅन चढ चढत नाही

प्रिय दिपेश,

रोज फोनवर बोलतो, मग आईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं वाटेल तुला. पण फोन लावला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर चालू करायला लावतात. शेजारची अर्चना पुण्याला बहिणीकडे निघाली आहे, तिच्याबरोबर जवळ्याच्या पिशवीतून हे पाठवते. जवळा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, नाहीतर तुझा घरमालक पुन्हा नाक मुरडेल.

आपली व्हॅन ओढत नाही, हे बाबांच्या तोंडून तू ऐकलंच आहेस. मासवणकडे सुकी मासळी घेऊन जाताना चढाला गाडी अगदी रांगते, मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत पुढे निघून जातात. बाबा म्हणाले, प्लग गेले. बोईसरच्या चिंतू मेकॅनिकने प्लग बदलले. मग एअर फिल्टर साफ झाला, पेट्रोलमध्ये कचरा असेल म्हणून टाकी धुतली, कार्बोरेटरही उघडून झाला. दर वेळी चिंतू एक चक्कर मारून यायचा आणि गाडी ठणठणीत आहे म्हणायचा. बाबांचं म्हणणं, रिकामी गाडी कोणीही पळवेल. शेवटी मीच हट्ट धरला. टोपल्या भरल्या, मी पुढे बसले आणि त्याच चढावर चिंतूला चालवायला लावली. गाडी झरझर वर गेली. बाबा मागे टोपल्यांत अवघडून बसले होते, आणि आधीच नीट दुरुस्त का नाही केलीस म्हणून त्यालाच दटावत होते. मला हसू आवरेना.

चिंतूला गॅरेजवर सोडलं, बाबांनी स्टिअरिंग हातात घेतलं आणि गाडी पुन्हा रांगू लागली. तेव्हा मी इंजिनाचा आवाज सोडून त्यांच्या पायाकडे बघितलं. पाय पेडलवर नुसता ठेवलेला होता. त्यांना मात्र वाटत होतं, आपण पुरता दाबलाय. घरी उतरले तर उजव्या पायात चप्पल नाही. ती गाडीतच राहिली होती आणि हे खडीवरून तसेच चालत ओट्यापर्यंत आले.

आधी मी रागावले, मग रडले. मधुमेहाच्या गोळ्या कशा चुकवतात ते तू जाणतोसच. ओट्यावर बसवून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि टाचेत रुतलेला खडा काढला, तर त्यांना कळलंही नाही. खडा हातावर ठेवून दाखवला, तेव्हा म्हणाले, "शकू, पाय हाय का नाय, तेच मना कलत नाय. पोराला सांगू नको. दर्यावरची बोट सुटली, आता गाडी नको सोडवू." फोनवर तुला काही बोलणार नाही, असं माझ्याकडून तुझीच शपथ घालून कबूल करून घेतलं. पत्राचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

आता मुद्द्याचं. तू त्यांच्यासाठी नवी, चांगल्या पिकअपची गाडी घ्यायचं म्हणतोस, ते करू नकोस. काल बाजारात ब्रेक लागायला उशीर झाला आणि व्हॅन भाजीच्या हातगाडीला जाऊन टेकली. कोणाला लागलं नाही. बाबा म्हणतात ब्रेक ऑइल कमी झालं असेल, चिंतूला दाखवू. मला फार भीती वाटते रे. चिंतूला नाही, डॉक्टरला दाखवायचं आहे, आणि ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. पत्र मिळताच निघून ये. आज सकाळी मी चावी तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. तेव्हापासून ते घरभर शोधताहेत, आणि मीही त्यांच्याबरोबर शोधते आहे.

तुझीच वाट बघणारी,
आई