मानेवरची गाठ आणि माझा समभाव

१ मार्च, सकाळ
दाढी करताना मानेला गाठ लागली. वाटाण्याएवढी. घाबरलो नाही. गालाला दोनदा कापलं ते बोथट ब्लेडमुळे. आजपासून ध्यान सुरू. डॉक्टर वगैरे थेरं नकोत.

३ मार्च
ध्यानवर्गात नाव घातलं. बाई म्हणाल्या, भीती आली की तिच्याकडे नुसतं बघायचं, पळायचं नाही. अहो, माझं दुसरं काय चाललंय? उठसूट आरशात बघतो.

८ मार्च
दाढी वाढवली. साधकाला शोभते. गाठही झाकते, पण तो मुद्दा नाही. चष्म्याच्या दुकानात सगळे 'स्वामी' म्हणायला लागलेत. आज गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरचा चष्मा दिला. मन संसारातून सुटत चालल्याचं लक्षण!

१४ मार्च
गाठ सुपारीएवढी. बाई म्हणतात, सगळं येतं आणि जातं. हे या गाठीला कुणीतरी सांगा. बायकोने विचारलं, हल्ली खांद्याला हात लावला तरी दचकतोस का? मी अत्यंत शांत आहे, असं सांगितलं. जरा ओरडून सांगावं लागलं.

१९ मार्च
बाईंना अभिमानाने सांगितलं, इतके दिवस गाठीकडे समभावाने बघतोय. बाईंचा आवाज एकदम चढला. म्हणाल्या, वेड लागलंय का, आधी डॉक्टरकडे जा! बाईंची साधना कच्ची दिसते. वर आमच्या घरी फोनही केला. चोंबडेपणा नुसता.

२० मार्च
बायकोने सरळ दाढीत हात घातला. गाठ लागली. गॅसवर भाजी करपली, तरी उठली नाही. उद्या हॉस्पिटल. मी तयार आहे. धैर्य म्हणतात ते हेच. रात्रीचे दोन वाजेपर्यंत जागा आहे तो डासांमुळे.

२१ मार्च, संध्याकाळ
डॉक्टर म्हणाले, सुई घालून तपासू. म्हटलं, आधी जरा ध्यान करतो. डोळे मिटले. उघडले तेव्हा रस्त्यावर होतो. अनवाणी.

बायको माझ्या चपला घेऊन आली. वाटलं, आता बिनपाण्याने हजामत होणार. पण ती तिथेच फुटपाथवर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, तुला काही झालं तर मी काय करू रे? म्हटलं, मला फार भीती वाटते गं. म्हणाली, मलापण. मग दोघं आत गेलो. सुई टोचली. बोंबललो.

रिपोर्ट शुक्रवारी. ध्यानाला बसवत नाही. अक्षर वाईट येतंय, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजवा हिने धरलाय. सोडत नाही.