घड्याळाने पकडलेली पाठदुखी

ती. आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (मला अजून वाकता येतं, हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे येईलच.) गुडघे कसे आहेत, हे विचारत नाही. "मला काय धाड भरलीय?" हेच उत्तर येणार.

इकडे प्रयोगशाळेत आमची पार झोप उडाली होती. आमच्याकडे दोन अणुघड्याळं आहेत. (काटे नाहीत, टिकटिक नाही, गारठवलेले अणू, त्यांच्यावर लेझरचा उजेड आणि वायरींचं जंजाळ. बाबा त्याला 'तुमचं भंगार' म्हणतात.) युगानुयुगं चालली तरी सेकंदभर चुकायची नाहीत, अशी त्यांची ख्याती. आणि त्यातलं नवं घड्याळ चक्क पुढे पळायला लागलं! आम्ही वायरी बदलल्या, लेझर उघडला, एसीवर संशय घेतला, शेवटी एकमेकांवर घेतला. साहेब तर माझ्याकडे असे बघत, जणू मीच रोज त्याला मागून ढकलते. मग एकदा त्यांच्या हातून स्क्रू पडला. तो उचलायला ते वाकले आणि तसेच राहिले. तिथूनच, जमिनीकडे बघत, त्यांनी कबुली दिली. पाठ धरते हे कुणाला कळू नये म्हणून नव्या घड्याळाचं टेबल त्यांनी सुताराकडून गुपचूप वीतभर उंच करून घेतलं होतं. हिशोबात मात्र जुनीच उंची! आणि जितकं वर जावं तितका काळ किंचित भरभर चालतो (खरंच, तुझी शपथ). आधीच्या पिढीतल्या अणुघड्याळांना एवढ्याशाने काही कळत नसे, आमच्या या दोघांना वीतभरही पुरते. आम्हा सगळ्यांपासून लपवलेली पाठदुखी त्या भंगाराने पकडली.

आता मुद्दा. तू चौथ्या मजल्यावर, आम्ही तळमजल्यावर. म्हणजे तू आमच्यापेक्षा लवकर म्हातारी होते आहेस. हे मी नाही, विज्ञान म्हणतंय. तेव्हा आमच्याकडे राहायला ये आणि तरुण राहा.

तुझी लाडकी (निदान ता. क. वाचेपर्यंत),
भाची

ता. क. : हा फरक जन्मभरात पापणी लवण्याइतकाही होत नाही. तू बाबांना विचारशीलच, म्हणून आधीच सांगून टाकते. पण लिफ्ट बंद पडल्यापासून तू पिशवी घेऊन दर मजल्यावर पायरीवर बसतेस, असं तुझी शेजारीण म्हणाली. मला रडूच आलं गं. साहेबांसारखी अडकून पडेपर्यंत थांबू नकोस.

आणखी एक : मागची खोली रंगवून झाली आहे. उठताना गुडघ्यांना त्रास नको म्हणून पलंग मात्र त्याच सुताराकडून वीतभर उंच करून घेतलाय. त्याने तुझं वय वाढलं, तर दोष माझा.