त्याचे पाय स्वच्छ होते

साक्री, रविवार, रात्र

दुपारच्या डुलकीतलं स्वप्न अजून डोळ्यांवरून उतरत नाही. अंगणात पांढऱ्या कपड्यातला कुणी उभा होता, ऊन जणू त्याच्यातून झिरपत होतं. आणि पाय इतके स्वच्छ, की मी बघतच राहिले. म्हणाला, “तूच खरी शे. शांताकडे जाऊ नको.” केवढं हलकं वाटलं! प्रभूच आला, असं मी धरूनच चालले. धाकट्या बहिणीशी तीन वर्षं अबोला. आता ती अंथरुणाला खिळली आहे, निरोपावर निरोप धाडते आहे, आणि मला न जायची मुभा मिळाली!

संध्याकाळच्या प्रार्थनेत तोऱ्यात सांगितलं. मंडळीतले म्हातारे नाना नुसते हसले. “सुमन, प्रभूनी तुले आजवर तुना मनसारखं कधी सांगेल शे का?”

रागच आला मला. घरी येईपर्यंत धुमसत होते. पण आता आठवून बघते, तर तो आवाज ओळखीचा वाटतो. भांडताना माझा असाच लागतो. आणि ते पाय! आमच्या गल्लीतून आला, तर धुळीचा एक कण नाही? तो कुठून आलाच नव्हता. इथेच होता, माझ्यात.

उद्या पहिल्या एसटीनं निघते. शांताच्या गावाला फाट्यापासून चालावं लागतं. पाय धुळीनं भरतील. भरू देत.