लोरीनपेक्षा एक मोठा

९ मार्च

केंड्रा आली. नात आहे, पण बॅग एवढी मोठी की जणू बाळंतपणालाच आलीय. नोकरी सोडली का सुटली ते मी विचारलं नाही. आल्या आल्या म्हणते, आजी, मला पतंगाने ओढायची बग्गी शिकव, आणि चाकांच्या फळीवर उभं राहून पण. मी म्हटलं, आधी भांडी घास, मग बघू. घासली. बरी घासली.

हिला मार्लीनने पाठवलंय हे न कळायला मी खुळी नाही. पोटची पोरगी आहे माझी, तिच्या युक्त्या मला पाठ. रॉयला पुरलं त्याच दिवशी तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. आई, जोवर तुला पतंग धरता येतोय तोवर राहा त्या कोरड्या तळ्यावर, ज्या दिवशी धरता येणार नाही त्या दिवशी फिनिक्सला माझ्याकडे. मी हो म्हटलं. नवऱ्याच्या कबरीपाशी उभं राहून माणूस कशालाही हो म्हणतं.

उजवा खांदा आज फार वाईट. कॉफीचं भांडं डाव्या हाताने उचललं. केंड्राचं लक्ष नव्हतं.

११ मार्च

वारा नाही. धूळसुद्धा कंटाळून बसलीय. डबाबंद राजमा, मक्याचा पाव. उद्या पण तेच.

१२ मार्च

केंड्राला पतंग निवडायला बसवलं. ट्रेलरमधल्या पलंगावर सगळ्या पिशव्या मांडल्या — दोनचा, तीनचा, चारचा, पाचचा, सातचा. आकडा म्हणजे कापड किती चौरस मीटर ते. तिने सरळ सातचा उचलला. हा सगळ्यात सुंदर आहे म्हणे! मी म्हटलं, नवरा निवडतेयस का? वारा जोरात तर पतंग लहान, वारा मेलेला तर मोठा. बग्गीत बुड टेकलेलं असतं, फळीवर नुसते पाय, म्हणून फळीला आणखी लहान. एवढंच आहे. बाकी लोकांनी पुस्तकं लिहिलीत. मी वाचली नाहीत.

दोनचा दिला. तोंड वाकडं केलं, हा तर पोराटोरांचा आहे म्हणाली. दुपारी त्याच पोराटोरांच्या पतंगाने तिला बुडावर बसवून तळ्यावरून फरफटवत नेलं. टाचांचे दोन चर लांबपर्यंत दिसत होते. रात्री उभी राहून जेवली.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. घाबरलीस की दोऱ्यांच्या मुठी सोड. मुठींना पट्टे आहेत, पट्टे मनगटाला आहेत, पतंग कुठे पळून जात नाही, चिंधी होऊन खाली पडतो. पण घाबरलं की सगळेच मुठी आवळतात. हाडं तिथेच मोडतात.

हो हो म्हणाली. सगळे हो हो म्हणतात.

१५ मार्च

दरवर्षीची मंडळी जमायला लागली. तंबू, ट्रेलर, कुत्री. डेल्मर आला. रॉयचा जुना सोबती, आता दात नवे बसवलेत, हसतो तेव्हा दुसऱ्याच कुणाचं तोंड वाटतं.

सकाळी इथे कुणी आपणहून पतंग काढत नाही. कॉफीचे पेले धरून उभे राहतात आणि लोरीनने काय लावलंय ते बघतात. मी मोकळ्यावर जाते, बग्गी नाही, नुसती उभी राहून पतंग चढवते. तो बघून बाकीचे आपापला काढतात. आधी रॉय करायचा, तो गेल्यावर माझ्यावर आलं. ओरडून सांगायची पद्धत नाही आमच्यात. पतंगच सांगतो. नव्या माणसांना वाटतं मोठा मान आहे. मान कसला! कढत कॉफीचा पहिला घोट कुणीतरी घ्यायचा, त्याचं तोंड पोळलं की बाकीचे फुंकून पितात. तसलं काम.

आज तीनचा लावला. वारा खरं म्हणजे चारचा होता. चारचा खांद्याला झेपत नाही. कागदावर लिहायला काय जातंय, कागद मार्लीनला फोन करणार नाही.

डेल्मरने माझ्याकडे पाहिलं, जाऊन चारचा काढला. पोट सुटलंय त्याचं. तीनचा आता ओढत नसणार.

१८ मार्च

केंड्राने बग्गी चालवली. तीन चाकं, एक पाळणा, पायाने वळवायची — पोर मेली लगेच शिकली. लांब ठिपका होईपर्यंत गेली आणि परत आली. केसांत, दातांत, नाकात पांढरी धूळ. खूश होती. मी म्हटलं, आता वाळूत रुतलेलं चाक धू.

दिवसभर मशीनवर बसून लोकांचे फाटके पतंग शिवले. डोळ्यांतून पाणी. शिवताना खांदा दुखत नाही हे एक बरं आहे. मशीन माझ्याहून जड आहे आणि माझ्याहून कमी कुरकुरतं.

केंड्राची एक नवी खोड. मी जाकीट घालायला घेतलं की मागे येऊन उजवी बाही धरते. शहरातले चाळे.

२० मार्च

मी तीनचा. डेल्मर चारचा. रीनोहून आलेला दाढीवाला चारचा. त्याची बायको, सरड्याएवढी बाई, तीसुद्धा चारचा! सगळ्यांनाच माज आलाय. रॉय असता तर एकेकाला झापलं असतं.

मार्लीनचा फोन. उडवतेयस ना? रोज, म्हटलं. खोटं नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर जरा बसून राहिले.

२१ मार्च

कुठल्याही कुशीवर वळलं तरी शेवटी खांद्यावरच वळतं. कंटाळा आला.

२२ मार्च



सकाळी वारा गोड होता. चारचा सहज चालला असता, पाचचासुद्धा. सगळे खुशीत. पण मी पश्चिमेला पाहिलं तर डोंगराचा पायथाच दिसेना. डोंगर होता, पायथा नव्हता. तिकडे धूळ उठलीय, म्हणजे जोराचा वारा, आणि तो इकडे निघालाय, याचा दुसरा अर्थ होत नाही. मी दोनचा काढला. खांद्यासाठी नाही. शपथ खाऊन सांगते, आज खांद्याचा काही संबंध नव्हता. वाऱ्याला लावायचा तोच लावला.

चढवला, उभी राहिले. झालं, आता सगळे लहानच काढतील, आणि शहाणे असतील ते कॉफी पीत बसतील.

मागे वळून पाहिलं तर सगळीकडे तीनचे आणि चारचे. केंड्रा फळीवर उभी, डोक्यावर पाचचा.

मी ओरडले. माझा आवाज तिच्यापर्यंत कसला जातोय! धूळ आली. आधी तिचा पतंग ताठ झाला, मग ती फळीवरून उचलली गेली, छपराएवढी वर. मुठी आवळलेल्या. मग सोडल्या. सोडल्या खऱ्या, पण वर गेल्यावर.

गळ्याजवळचं हाड मोडलंय. डोकं शाबूत, हेल्मेटला तडा. दाढीवाल्याच्या गुडघ्याचं सालटं निघालं. बाकीचे नुसते फरफटले.

२३ मार्च

दवाखान्यात केंड्रा गोळीच्या गुंगीत होती. मी विचारलं, डोळे फुटले होते का तुझे? माझा दोनचा दिसला नाही?

म्हणाली, "दिसला की. मला वाटलं, खांद्यामुळे लावलास."

"कसला खांदा?"

"आजी, राहू दे ना. सगळ्यांना माहीत आहे."

पुढे बोलता बोलता झोपली. मी तिथल्या खुर्चीत बसले. ती खुर्ची कुणी बनवलीय त्याला तिच्यातच बसवायला हवं.

परत आणायला डेल्मर आला. गाडीत त्याला धरलं. सगळं सांगितलं त्याने. गेली दोन वर्षं हेच चाललंय. लोरीनने जो लावला त्याच्यापेक्षा एक मोठा काढायचा. हळूहळू दुखणं वाढतंय असं दिसलं की कधी दोन मोठा. नवा माणूस आला की त्याला बाजूला घेऊन हे पहिलं सांगायचं. केंड्रालाही त्यानेच सांगितलं, तो आला त्याच आठवड्यात. काल तिने तर तीन मिळवले, वारा गोड होता म्हणून.

"मग मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"तुझ्या तोंडावर कोण सांगणार, लोरीन? तुझा मान राहत होता, आमचंही चालत होतं."

चालत होतं! मी खोटा पतंग लावायचा, त्यांनी त्यात एक मिळवायचा, आणि सगळ्यांनी मिळून लोरीन कशी तरबेज म्हणायचं. आणि एक दिवस मी खरा लावला तर त्यातही मिळवला. माझ्याच नातीने.

त्याला शिव्या देणार होते. तोंड उघडलं, पण थकवा आला.

२४ मार्च

सकाळी मोकळ्यावर गेले नाही. कॉफीवाल्या घोळक्यात गेले आणि सांगितलं, खांदा गेलाय. ज्यांना माहीत होतं त्यांनी जमिनीकडे पाहिलं. म्हणजे सगळ्यांनीच.

मग कुणीच आधी लावेना. तू लाव, नाही तू लाव. दुपारपर्यंत तीन वेगवेगळे आकडे वर, दोघं एकमेकांच्या दोऱ्यांत गुंतलेले. बघवेना. मशीनवर जाऊन बसले.

संध्याकाळी मार्लीनला फोन केला. मीच केला. म्हटलं, धरता येत नाही. ट्रक घेऊन ये.

मला वाटलं ओरडेल. रडली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

२६ मार्च

मार्लीन आली. दवाखान्यातून केंड्राला घेऊनच आली. पोरीचा हात गळ्यात, तोंड पांढरं, तरी मला म्हणते, जाऊ नकोस. मी म्हटलं, शब्द दिलाय. शब्द मोडायला काही वाटत नाही, पण तुझी आई तो आयुष्यभर ऐकवेल.

बांधाबांध. चाळीस वर्षांचं सामान आणि त्यातलं निम्मं धूळ. रॉयची बग्गी डेल्मरला दिली. त्याने घेतली आणि तिच्याकडे बघतच उभा राहिला, जणू कुणीतरी त्याच्या हातात तान्हं मूल दिलंय. मशीन ट्रकमध्ये चढवायला तिघं लागले. मार्लीन म्हणते तिच्याकडे गालिचा आहे, मशीन गॅरेजमध्ये ठेवू. गॅरेजला खिडकी आहे का विचारलं. नाही.

जेवण नको वाटलं.

२७ मार्च

सकाळी ट्रकमध्ये बसले होते. मार्लीन चावी फिरवणार तोच डेल्मर खिडकीशी आला. मागे सगळे पेले धरून उभे. वाऱ्याकडे मान केली फक्त. मी पश्चिमेला पाहिलं, डोंगराला पायथा होता. म्हटलं, चारचा. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोंड होतंच की इतकी वर्षं!

डेल्मरने चारचा काढला. दाढीवाल्याने चारचा, त्याच्या बायकोने तीनचा. मी काचेतून एकेक मोजला. पाचचा कुणीही काढला नाही.

मार्लीनला म्हटलं, चावी काढ, मशीन आधी उतरव. ते जड आहे.