ठकीच्या वाटचं दूध

१२ जानेवारी

सगळ्यांच्या तब्येती कशा आहेत? माझा निखिल — खोकला आहे, औषध घेत नाही. आयटीवाल्यांना खोकायलासुद्धा मीटिंग संपावी लागते. सूनबाई शर्वरी — टाके ओढतात. सांगत नाही, पण उठताना भिंत धरते. मी — गुडघा. गुडघ्याचं काय एवढं!

आणि ठकी — काचेच्या पेटीत. सातवा महिना धड सरू दिला नाही पोरीनं, आली निघून. जन्मली तेव्हा अकराशे ग्रॅम. सुलतान बाजारात जन्मभर कापड विकलं मी. एक सोलापुरी चादर उचलली तरी याहून जड लागते. आता तीन आठवड्यांची झाली, वजन अजून तिथंच घुटमळतंय. नाव ठेवलेलं नाही. ठकी मीच म्हणतो, लाकडी बाहुलीएवढी म्हणून. निखिलला आवडत नाही. पण परवा तोच काचेशी वाकून हळूच म्हणाला — काय गं ठके!

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्या चिक्कडपल्लीच्या गच्च्या पतंगवाल्या पोरांनी भरल्यात. आमच्याकडे तिळगूळ नाही, कुणाच्या लक्षातच नाही.

शर्वरी घरी दूध काढते आणि मी ते दवाखान्यात नेतो. निखिलचं ऑफिस, तिला टाक्यांमुळे रिक्षात बसवत नाही, मग उरलं कोण? सुनेचं दूध सासऱ्यानं न्यायचं! माझी बायको गंगू असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. पहिल्या दिवशी शर्वरी भिंतीकडे बघत म्हणाली, "अप्पा, ठेवलंय तिथं." मी पण दुसऱ्याच भिंतीकडे बघत उचललं. आता लाज गेली. आता हुकूम सुटतात — "बर्फ नीट लावा, बाटली आडवी धरू नका, वाटेत कुणाशी गप्पा मारत बसू नका."

रिक्षावाला म्हणाला, "क्या चाचा, थैले में बम है क्या? ऐसा पकडके बैठे!" म्हटलं, बच्ची का दूध है. त्यानंतर दिलसुखनगरच्या दवाखान्यापर्यंत एक खड्डा लागू दिला नाही बहाद्दरानं.

१६ जानेवारी

ठकीच्या अंगात रक्त कमी आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी भडकलोच — "रोज टोचून रक्त काढता, आणि वर म्हणता रक्त कमी!"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. त्यानंही कमी होतं. म्हणून आता थेंबातच तपासणी भागवतो." मग हिंदीत, सावकाश समजावलं. बाळाला लोह मिळतं आईच्या पोटात, शेवटच्या महिन्यांत. ते महिने हिच्या वाट्याला आलेच नाहीत. आणि नवं रक्त करा असं अंगानं आतून सांगावं लागतं, ते हिच्या अंगाला अजून उमगत नाही. औषधाचे थेंब चालू करतील. लागलं तर रक्त चढवतील.

"मी काय करू?" विचारलं. "दूध वेळेवर आणा," म्हणाल्या. एवढंच? एवढ्यानं रक्त वाढतं का कुठं!

१७ जानेवारी

गंगूची सहाण काढली. निखिल तान्हा असताना असाच पांढराफटक पडला होता. तिनं गुटीवर उभा केला त्याला. खारीक, बदाम, हळकुंड — तिचे हात आठवत आठवत उगाळलं. जायफळ घेऊ का नको, ठरेना. ठेवून दिलं.

उद्याच्या बाटलीत दोन चमचे मिसळीन. कुणाला विचारत नाही. विचारलं की नको म्हणतात.

१८ जानेवारी

त्रिवेणी सिस्टरनं बाटली उजेडात धरली. ठकीला तीच बघते, नलगोंड्याकडची आहे, मला तातगारू म्हणते, म्हणजे आजोबा. "तातगारू, ये दूध पीला कायकू?"

मी तर छाती फुगवून सांगितलं! खारीक, बादाम, हल्दी — खून के वास्ते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाटली बेसिनमध्ये ओतली. नळ सोडला. मग म्हणाली, "उसका पेट कच्चा है, तातगारू. सुई की नोक जैसा बच्चा. इससे मर जाती थी." ठकीला मग दुसऱ्या कुठल्या आईचं दूध दिलं, तिथल्या दुधाच्या बँकेतलं.

घरी येऊन सांगितलं. लपवणार कसं? निखिल ओरडला — "अप्पा, विचारायचं तरी!" शर्वरी नाही ओरडली. म्हणाली, "पहाटेपासून काढत होते ते." आणि आत गेली.

१९ जानेवारी

बाटली निखिलनं नेली.

२२ जानेवारी

मी नुसताच जातो, काचेबाहेर बसतो. ठकी मध्येच श्वास घ्यायची विसरते. यंत्र किंचाळतं, त्रिवेणी तळपायाला टिचकी मारते, आणि पोरगी पुन्हा आठवल्यासारखी श्वास घेते. आज हे फार वेळा झालं. मग रक्त चढवलं. केवढं? तीन चमचे! सुतासारख्या नळीतून तासन्‌ तास चाललं होतं.

"किसका है?" मी विचारलं.

"वो नहीं मालूम रहता, तातगारू."

बरं. जो कुणी असशील बाबा, सुखात राहा.

संध्याकाळी बघितलं — सकाळी मांजरपाट होती, आता फिकट अबोली! रंग ओळखण्यात मी चुकत नाही. श्वासही नीट चालला होता. घरी सांगायला धावतच आलो. शर्वरीनं ऐकलं. बाटल्या उकळायला ठेवल्या.

२५ जानेवारी

निखिलचा खोकला वाढला, शर्वरीला ताप. दोघांनाही आत बंदी. बाळाला रोज कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवतात, त्यानं ते जीव धरतं म्हणे. त्रिवेणी बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चलो हीरो, शर्ट निकालो. पहले साबुन से हाथ. फिर से. और एक बार."

ठेवली माझ्या छातीवर. नळीसकट, टोपीसकट. वजन? काही नाहीच. पण ऊब! एवढ्याशा जिवाला एवढी ऊब कुठून? तिच्या श्वासानं माझे पांढरे केस हलत होते. मी हललो नाही. गुडघा बधिर झाला, झाला तर झाला.

घरी आलो. शर्वरी दारातच उभी, अंगात ताप; त्रिवेणीनं फोनवर कळवलं होतं. इतक्या दिवसांनी बोलली — "कशी वाटली हाताला?"

"गरम," म्हटलं. ती रडायला लागली, आणि मी पण.

९ फेब्रुवारी

ठकी गेली. परवा. रक्तात जंतू गेले. एका दिवसात सगळं.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, तुमच्या त्या गुटीचा थेंबही तिच्या पोटात गेला नव्हता. तिसऱ्यांदा विचारायला निघालो होतो. निखिलनं हात धरला.

शर्वरीला दूध येतंच आहे. आटायची गोळी देते म्हणाल्या बाई. शर्वरी म्हणाली, राहू द्या थोडे दिवस.

आज सकाळी तिनं बाटली भरली, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिली. माझ्या. "अप्पा, बँकेत द्या. कुणाच्या तरी बाळाला होईल. आणि पोचलात की फोनवर दोन शब्द लिहून पाठवा, दूध पोचलं म्हणून. लगेच."