सहा तांब्याच्या नळ्या आणि माझा आवाज

३ मे, शनिवार
“मालन, तू वाचायला उभी राहिलीस की वर्ग गप्प होतो.” पाचवीत नाबरबाई म्हणाल्या होत्या. त्यानंतर वर्षभर त्यांनी मला एकदाही वाचायला उभं केलं नाही. जळल्या असतील.

आज नूपुरचा फोन. ही दादरच्या ऑडिओबुकवाल्यांकडे असते. कोकणातल्या बारा कथा, वाचायला बाई हवी. मी पाठवलेल्या नमुन्यात मागे सारखी घरघर येते म्हणे, त्यामुळे आवाजाबद्दल काही सांगता येत नाही. वीस तारखेपर्यंत स्वच्छ पाठवा.

म्हणजे आवाज पास. दोषी कॉम्प्युटर. त्याच्या पोटातला तळहाताएवढा पंखा.

बावीस वर्षं पतपेढीच्या काउंटरवर घालवली. आता बस. राजीनाम्याचा मसुदा मनात तयार आहे. मराठी शुद्ध.

४ मे, रविवार
विनीत भावजी करी रोडलाच, समोरच्या टॉवरमध्ये राहतात. कॉम्प्युटरचंच काम करतात. ह्यांनी आगाऊपणे त्यांना फोन लावला. भावजी म्हणाले, वहिनी, प्रोसेसर थंड ठेवायला वर बसवतात तो मोठा टॉवर कूलर घे, मोठा पंखा हळू फिरतो, आवाज नाही, पुढच्या रविवारी येऊन बसवून देतो. मी म्हटलं, कूलर घेईन, बसवायला तुम्ही नकोत. चार स्क्रू पिळायला इंजिनिअर कशाला?

७ मे, बुधवार
कूलर आला. सहा तांब्याच्या नळ्या, वर पत्र्यांची चळत. सासूबाईंनी विचारलं, गो मालन, ह्यो मोदकपात्राचो भाग काय? दुर्लक्ष केलं.

पेढीत सगळ्यांना सांगून टाकलं की मी आता पुस्तकं वाचणार. सीमा म्हणाली, आम्ही पण वाचतो की, जेवणाच्या सुट्टीत. हिची झेप तेवढीच.

१० मे, शनिवार. दुपारी ३
बसवला! तीन तास. एक स्क्रू उरला, तो जास्तीचा असणार.

तळाला तांब्याची चकती आहे, आरशासारखी. वर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर लाल अक्षरात इंग्रजीत काहीतरी. वाचलं नाही. आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. रिमोटला आहे, सोफ्याला आहे, सासूबाईंच्या गादीला सहा वर्षं आहे, त्यांनी कूस बदलली की सगळ्या घराला कळतं. वस्तू टिकते ती अशी. सोबत ट्यूबमध्ये आलेली, उष्णता पोचवणारी पेस्ट प्लास्टिकवर छान थापली, धिरड्याला लोणी लावतात तशी.

दुपारी ३.४०
मोठा पंखा. मोठा आवाज. नवीन आहे, रुळेल.

११ मे, रविवार
रुळला नाही. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान सत्त्याण्णव. ह्यांनी विचारलं, चहा ठेवू का वर? ह्यांचे विनोद लग्नाआधी मला आवडायचे.

सासूबाई म्हणाल्या, ह्या पेटीत गिरण चालता काय? सासरे गिरणीत होते, म्हणजे सासूबाईंना आवाजातलं कळणार!

कारण मला सापडलंय. आमचा चौदावा मजला. वर हवा विरळ. कूलर बनवणाऱ्यांनी तळमजल्याचा विचार केला असणार.

१३ मे, मंगळवार
कॅबिनेटला दुलई गुंडाळली. आवाज दहा मिनिटं कमी. मग कॉम्प्युटर आपोआप बंद. दुलई गरम, इस्त्री केल्यासारखी. सासूबाईंनी तीच गुडघ्यावर घेतली. म्हणाल्या, बरा वाटता. निदान कुणाला तरी उपयोग.

१५ मे, गुरुवार
पेस्ट कमी पडली असणार. उघडून सगळी ट्यूब रिकामी केली. तापमान अठ्ठ्याण्णव. कंपनीला कडक मेल लिहिली. अशा मालाची मला चीड आहे.

विनीत भावजींचा मेसेज: वहिनी, येऊ का? उत्तर दिलं नाही. माणसाला दुसऱ्याच्या अडचणीत इतका रस नसावा.

१७ मे, शनिवार
तीन दिवस उरले. फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या कॅबिनेटभोवती लावल्या. ह्यांनी शांतपणे प्लग काढला आणि भावाला फोन केला. माझ्या पाठीमागे. म्हणजे समोरच, पण मला न विचारता.

१८ मे, रविवार
भावजी आले. स्क्रू काढले, कूलर उलटा केला, बघत राहिले. मग खाली बसले. हसून हसून डोळ्यांत पाणी. वहिनी, लाडू पॅकिंगसकट खाल्लास गो! लाल अक्षरात लिहिलं होतं, बसवण्यापूर्वी हे काढा. प्लास्टिकमुळे प्रोसेसरची उष्णता तांब्याला पोचतच नव्हती, म्हणून पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता.

मी म्हटलं, मग ते मराठीत लिहायला काय झालं होतं?

प्लास्टिक सोललं, पुसलं, स्वतः आणलेल्या ट्यूबमधली मटारएवढी पेस्ट लावली. उरलेला स्क्रूही बसला. कॉम्प्युटर चालू केला. मला वाटलं, झालाच नाही. खाली वाकून बघितलं, पंखा फिरत होता. तापमान बेचाळीस.

भावजींना चहा दिला. आभार मानले नाहीत. ते मनात.

१९ मे, सोमवार
रजा टाकली. सीलिंग फॅन बंद, खिडक्या बंद, सासूबाईंना शेजाऱ्यांकडे बसवलं. पहिली कथा संपूर्ण. कथेतली आजी जाते तिथे मी स्वतःच हेलावले. पाठवली. राजीनामा टाइप करून ठेवला.

२३ मे, शुक्रवार
नूपुरचा फोन. इतकी स्वच्छ फाइल घरून कधी आली नव्हती म्हणे, काय केलंत? मी सविस्तर सांगितलं, प्लास्टिक वगळून. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ताई, आता तुमचा आवाज नीट कळला. स्पष्ट आहे. पण सगळी माणसं एकसारखीच बोलतात हो. सूचना वाचल्यासारखी. दुसऱ्या एका बाईंना घेतलंय.

ही पंचविशीतली. हिला काय कळतं!

२४ मे, शनिवार
फाइल लावली. आजवर माझं रेकॉर्डिंग मी पंख्याच्या घरघरीतच ऐकलं होतं. आज मागे काही नव्हतं. मीच होते.

आजी खाटेवर आहे, नात विचारते, आजी, पेज घेतेस? मी ते असं वाचलंय की पुढचं वाक्य ‘टोकन नंबर चव्वेचाळीस, खिडकी तीन’ असावं. आजी मेली तेही तिसऱ्या खिडकीवरच.

ह्यांनी विचारलं, बंद करू का? म्हटलं, राहू दे. शेवटपर्यंत ऐकलं. एकतीस मिनिटं.

राजीनामा डिलीट केला.

संध्याकाळी
नूपुरला मेल लिहिली. पाचव्यांदा खोडून एवढीच ठेवली:

‘त्या बाई वाचतील तेव्हा मला एक दिवस स्टुडिओत बसू द्याल का? माईकपासून लांब, कोपऱ्यात. बाहेरच्यांना आत घेत नाहीत हे माहीत आहे, तेव्हा तुम्ही नाहीच म्हणाल. तरी विचारते. आजी जाते ते त्या कसं वाचतात, तेवढंच ऐकायचंय. मी अजिबात आवाज करणार नाही.’